जपानी जोडी

चहा ओता आधी. आणि हसू आलं तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा समोरच्याच्या पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालं, आणि त्याच्या बायकोची बोलणी मला खावी लागली.

तसे मी आयुष्यात गाढवपणे काही कमी केलेले नाहीत. पण बाकीचे मला आणि माझ्या बायकोलाच ठाऊक आहेत. हा एकच असा, की जो भर यात्रेत, कर्ण्यावरून, सगळ्या पंचक्रोशीला ऐकवला गेला. मग लपवून उपयोग काय? दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

तर मी दत्ता. गाव कवठे येमाई, पण पोटासाठी मुक्काम कारेगावात. शेजारच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं मोटारींच्या दारांचे आतले पॅनेल बनतात. डाव्या दाराचा तो एलएच, उजव्या दाराचा तो आरएच. एलएचच्या ट्रॉलीत आरएच जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. अठरा वर्षं करतोय. ही अठरा वर्षं तेवढी लक्षात ठेवा हं, पुढं मला झोडायला उपयोगी पडतील.

मला व्यसन एकच, आवाजाचं. चांगल्या हेडफोनचं नाव काढलं की मी जेवणावरून उठतो. हे वेड आलं कुठून? तर बैलगाड्याच्या घाटातून, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरून.

आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, शर्यतीचा गाडा होता. आमच्याकडं 'गाडा' हा नुसता शब्द काढला तरी म्हातारी माणसं चप्पल शोधायला लागतात. चार बैल, पुढं घोडी, घाटाच्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं, भंडाऱ्यानं पिवळी झालेली हवा, आणि कर्ण्यातून ओरडणारा निवेदक, "झाली, झाली, झाली… भिर्रर्रर्र!" आबा गाड्यापाशी असायचे, आणि मी आमच्या शेजारच्या सोपानमामांच्या खांद्यावर. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, बारा-तेरा सेकंदांत संपायची, पण तो आवाज माझ्या पोटात आठवडाभर वाजत राहायचा.

आबांची लाडकी जोडी म्हणजे चंद्या आणि टिपऱ्या. चंद्या डावा, टिपऱ्या उजवा. बैलाची बाजू ठरलेली असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डावीकडं शिकलेला बैल उजवीकडं जुंपला की तो खांदा चोरतो, मान वाकडी धरतो, आणि दोघांचीही चाल मोडते. आबा तर दावणीलासुद्धा चंद्याला डावीकडंच बांधायचे. मी लहानपणी एकदा गंमत म्हणून दोघांच्या जागा बदलल्या. आबांनी माझे दोन्ही कान एकदम असे पिळले, की स्टिरिओ म्हणजे काय ते मला त्या दिवशीच कळलं.

मग शर्यतींवर बंदी आली. आबांनी एक वर्ष वाट बघितली, दोन वर्षं बघितली, शेवटी जोडीसकट चारही बैल विकले. टेम्पो आला त्या दिवशी ते बांधावर जाऊन बसले, जेवायलासुद्धा घरी आले नाहीत. पुढं बंदी उठली, घाट पुन्हा गाजायला लागले. पण तोवर आबांचं वय झालं होतं, कान जड झाले होते, आणि मी कारेगावात पॅनेल उलटेसुलटे करून बघत होतो. गोठ्यात राहिली एक जर्सी गाय. घुंगरमाळा मात्र आबांनी विकल्या नाहीत. त्या खुंटीला तशाच होत्या. खरं सांगतो, गोठ्यात गेलं की मला त्यांच्याकडं बघवत नसे.

असो. हेडफोनवर येऊ.

पुण्याचा एक मित्र आहे, पराग. आमचा कानवेड्यांचा एक ग्रुप आहे. कुणी भारी हेडफोन घेतला की तो आठ-आठ दिवस सगळ्यांकडं फिरतो. प्रत्येकानं ऐकायचा आणि अहवाल लिहायचा. आवाज कसा, डोक्याला जड होतो का, कान तापतात का, सगळं. ग्रुपवर हेडफोनला 'जोडी' म्हणतात. 'नवी जोडी आलीय', 'जोडी कुणाकडं आहे?', असं. हा शब्द ग्रुपला दिला कुणी? मीच! आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हा.

परागनं एक जपानी जोडी घेतली होती. क्लोज्ड बॅक, म्हणजे कानावरच्या वाट्यांची पाठ बंद. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. काळ्या पॉलिशच्या लाकडी वाट्या, मेंढीच्या चामड्याच्या गाद्या. किंमत मी एकदाच विचारली आणि पाणी मागितलं.

ती माझ्याकडं आली नेमकी आमच्या कंपनीच्या शटडाऊनच्या आठवड्यात. कारेगावात ट्रक, प्रेस मशीन आणि वरच्या मजल्यावरचं भांडण यांच्यात बसून काय डोंबलाचा अहवाल लिहिणार? पोरांच्या शाळा होत्या, म्हणून बायको तिथंच राहिली. मी पेटी उचलली आणि गाव गाठलं.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. हेडफोन पारखताना मी चष्मा काढून ठेवतो. चष्म्याची काडी गादीखाली आली की फट राहते, आणि फटीतून आवाजाचा सगळा दम निघून जातो. नियम बरोबर आहे, कुणालाही विचारा. फक्त मला चाळीशी लागलेली आहे. चष्मा काढला की जवळचं मला काही म्हणजे काही दिसत नाही.

पहिल्या दिवशी ओट्यावर खुर्ची टाकली, वही घेतली, जोडी डोक्यावर चढवली. आणि काय सांगू! काहीतरी गडबड होती. कानामागं फट, पुढं जबड्यावर दाब. ढोल वाजतोय पण पोटात उतरत नाही. आणि सगळ्यात नवल म्हणजे, गाण्यात नेहमी डावीकडं बसणारा तबला हिच्यात उजवीकडं जाऊन बसलेला! मी वहीत अंदाजानंच मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'डिझाइनमध्ये मूलभूत दोष.' दोनदा अधोरेखित केलं.

तेवढ्यात परागचा फोन आला. तो मी हेडफोनवरच घेतला. आता बंद पाठीचा हेडफोन घातला की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, मग माणूस ओरडून बोलतो. आमच्या ओट्यासमोर दूध डेअरी. सकाळची वेळ, रांग लागलेली. रांगेत पुढून तिसरे सोपानमामा. त्यांना ऐकू गेलं ते असं:

"हो, हो, जोडी पोचली! … रंग? काळीभोर! अंगावर एक ओरखडा नाही! … चामडं म्हणशील तर लोणी! हात फिरवत राहावंसं वाटतं! … पण मानेवर भार येतो रे! … रोज तीन-चार तास पळवावी लागणार, त्याशिवाय मोकळी होणार नाही! … नाही, दम कमी पडतोय! आणि एक सांगू का, डाव्याचं काम उजवा करतोय, आणि उजव्याचं डावा! … कुणाला दाखवली नाही अजून. घरात कुणाला काही बोललोच नाही!"

आता तुम्हीच सांगा, आमच्या गावातल्या माणसानं यातून काय अर्थ काढावा?

दुसऱ्या दिवशी मी डेअरीत दूध घालायला गेलो, तर मामा कडेला घेऊन म्हणाले, "काय दत्तू, जोडी आणली म्हणं!"

मला वाटलं, आईनं पेटी बघितली असणार. गावातला माणूस आपणहून हेडफोनची चौकशी करतोय म्हटल्यावर मी जो फुललो!

"आणली की मामा. आठ दिवसांच्या बोलीवर."

"जात कोन्ची?"

"जपानी."

मामांची किटली कलंडली. "जपानी?"

"अस्सल जपानी! एकेकावर महिना-महिना मेहनत घेतात तिकडं."

"बरं, बरं." मामांनी मान हलवली. "आपल्याकडं जर्सी आली, तशी आता जपानीबी आली म्हणायची. आन् आपल्या खिल्लारापुढं टिकतीया का?"

देशी मालाला मामांनी खिल्लार म्हटलं. मला ती उपमा फार आवडली. मी तर ती अहवालात घालायचीसुद्धा ठरवली!

"देशी माल हिच्यापुढं उभा राहत नाही, मामा."

"मग दाव की."

"आत्ता नको. थोडी बारकाईनं पारखतोय. रविवारी सकाळी या आमच्या ओट्यावर, सगळ्यांनाच दाखवतो."

मामा निघाले, दोन पावलं गेले, परत आले. "आबा म्हणत व्हता, डावा-उजवा बदलून बघ. आदलाबदल झाली असंल म्हणं."

मी हसलो. हसलो म्हणजे कसा, तर कंपनीत नवा ट्रेनी काही सुचवायला लागला की साहेब हसतात तसा. "मामा, आबांना सांगा, हे त्यांच्यातलं नाही. जपानी तंत्र आहे हे. आणि डावं-उजवं ओळखायचं म्हणाल तर अठरा वर्षं पगार कशाचा घेतोय मी?"

"त्येबी खरंच," मामा म्हणाले.

तुम्ही विचाराल, आबांनी मला सरळ का नाही विचारलं? अहो, आमच्या घरात बाप आणि लेक सरळ बोलत असते तर निम्मी भांडणं आणि निम्मे किस्से झालेच नसते. आबांचा निरोप आईकडून किंवा मामांकडून येतो, माझं उत्तर त्याच रस्त्यानं परत जातं. शिवाय आबांनी स्वतःची समजूत करून घेतली होती, ती मला नंतर कळली. ते आईला म्हणाले होते, "पोरगं न सांगता आणतंय, म्हंजी यात्रेच्या तोंडावर मला चकित करणार. त्येला इचारू नगं. हिरमुसंल."

त्या आठवड्यात आबा बदललेच. सकाळी उठून गोठ्याला चुना दिला. गव्हाण घासली. नवा कासरा वळला. घुंगरमाळा खुंटीवरून उतरवून, चिंच लावून, एकेक घुंगरू चोळत बसले. जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली, आणि पानावर बसल्या बसल्या काहीतरी गुणगुणले! आई तोंडाला पदर लावून बघत होती.

आणि मी मूर्ख काय समजलो? मला वाटलं, पोरगा आठ दिवस घरी राहिला म्हणून म्हातारा फुललाय. मला गहिवरून आलं. बायकोला फोन करून म्हटलंसुद्धा, "आपण दर महिन्याला यायला पाहिजे गं."

मला जे माहीत नव्हतं ते असं: बाकीचे दोन बैल उसने मिळतील या हिशोबानं आबांनी यात्रा कमिटीकडं जाऊन गाड्याचं टोकन घेतलं होतं. चिठ्ठ्या टाकतात, त्यात आबांचं नाव निघालं होतं. इतक्या वर्षांनी किसनआबांचा गाडा घाटात येणार, हे गावभर झालं होतं. एकट्या मलाच ते ठाऊक नव्हतं, कारण माझे कान दिवसभर बंद पाठीच्या वाट्यांत!

शनिवारी मी चार पानी अहवाल ग्रुपवर टाकला. 'गाद्यांची रचना माणसाच्या कानासाठी केलेली वाटत नाही.' 'ढोलाचा दम फटीतून निघून जातो.' 'वाद्यं उलट्या बाजूला बसतात, ही कंपनीची अक्षम्य चूक.' शेवटी सही, आणि खाली, 'क्वालिटी विभाग, अठरा वर्षांचा अनुभव.'

रविवार उजाडला. मामा येतील, आणखी दोघं-चौघं येतील, म्हणून मी ओट्यावर तयारीत बसलो. जोडी डोक्यावर, चष्मा खिशात, डोळे मिटलेले. गाणं रंगात आलं होतं. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, आणि एवढी एकच गोष्ट मी अहवालात चांगली म्हणून लिहिली होती.

नाकाला कापराचा वास आला.

डोळे उघडले. समोर आरतीचं ताट. ताटामागं आई, नवं लुगडं नेसलेली. आईमागं यात्रा कमिटीचे आप्पा, हातात नारळ. त्यांच्यामागं सोपानमामा भंडाऱ्याची पिशवी घेऊन, आणि त्यांच्यामागं निम्मं गाव! अंगण भरून माणसं रस्त्यावर गेली होती. आणि सगळ्यांच्या मधोमध आबा. गुलाबी फेटा, इस्त्रीचं धोतर, दोन्ही हातांत चकचकीत घुंगरमाळा.

सगळ्यांची तोंडं हलत होती, मला ऐकू काहीच येत नव्हतं. मी हेडफोन गळ्यात ओढला.

"… काढ की भाईर!" आप्पा म्हणत होते. "मुहूर्त टळतोय!"

"काय काढू?"

"आरं, जोडी! जोडी काढ भाईर! किती ताटकळत ठिवतो?"

एवढी माणसं हेडफोन बघायला? क्षणभर मला खरोखर वाटलं, गाव किती पुढं गेलं! मी उभा राहिलो, गळ्यातली जोडी काढली, दोन्ही हातांत धरून उंच केली आणि म्हणालो, "ही काय. जपानी जोडी."

गोठ्यातली जर्सी रवंथ करत होती, ते अंगणात सगळ्यांना ऐकू यायला लागलं.

"ही?" सोपानमामा म्हणाले. "आन् बैलं?"

"कुठले बैल?"

मग जो हशा उठला! आप्पा नारळासकट खाली बसले. एकजण म्हणाला, "चामडं लोणी हाय म्हणं, बघू बघू!" दुसरा म्हणाला, "आरं, येसण कुठं हाय हिला?" तिसऱ्यानं लोंबणारी वायर दाखवली. मामा बिचारे एकटेच हसत नव्हते, ते भंडाऱ्याच्या पिशवीत तोंड घालून उभे होते.

आई आत गेली आणि पुरणपोळ्यांचं पान घेऊन आली. माझ्यासमोर ठेवलं.

"ह्यो निवद बैलांसाठी केला व्हता," ती म्हणाली. "आता खा तूच. बैलाच्याच तोंडी जाऊ दे."

मीही हसणार होतो. पण आबांकडं बघितलं. ते हसत नव्हते, रागावलेही नव्हते. त्यांनी घुंगरमाळा हळूच गोळा केल्या, आवाज होऊ नये अशा बेतानं, आणि गोठ्याकडं चालू लागले. फेट्याचा शेमला पाठीवर हलत होता. बैल विकले त्या दिवशी बांधावर बसलेली तीच पाठ होती ती.

गर्दी पांगली. मी जोडी घेतली, फोन घेतला आणि गोठ्यात गेलो. आबा गव्हाणीच्या कडेला बसले होते. चुन्याचा वास अजून ताजा होता.

सॉरी म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. पण माझ्या फोनमध्ये एक गोष्ट होती. घाटातल्या कर्णेवाल्यानं पूर्वी आबांच्या एका बारीची कॅसेट भरून दिली होती. ती मी मागं फोनवर उतरवून घेतली होती. हेडफोन पारखायला म्हणून. पण कधी लावली नव्हती, धीर झाला नव्हता. ती काढली, आवाज मोठा केला, आणि आबांचा फेटा उतरवून जोडी त्यांच्या डोक्यावर ठेवली, मी घालतो तशीच.

आबांनी मान झटकली. पुन्हा झटकली. जू बोचणाऱ्या बैलासारखी मान वाकडी केली. मग जोडी काढून हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. गाद्यांच्या आतून अंगठा फिरवला, एकदा पुढून, एकदा मागून. शर्यतीच्या बैलाचा खांदा चाचपावा तसा.

"ही गादी येकीकडं जाड हाय, येकीकडं पातळ," ते म्हणाले. "जाड बाजू कानामागं पायजे. तिथं खळगा असतो माणसाला. तू पुढं घातलीयास." त्यांनी जोडी फिरवली, डोक्यावर बसवली, मान हलवून बघितली. "आता बसला खांदा. आरं, जू उलटं घातलंस! डावा उजवीकडं जुंपलास. सोपानाकडनं निरोप न्हवता का धाडला?"

मी खिशातून चष्मा काढला. आबांच्या कानाजवळ वाकून बघितलं. वाटी धरणाऱ्या कमानीच्या आत, काळ्यावर काळं, मुंगीएवढं अक्षर: एल. आबांच्या डाव्या कानावर. आठ दिवस ते माझ्या उजव्या कानावर होतं. अठरा वर्षं एलएच आणि आरएच वेगळे करणाऱ्या माझ्या!

आणि गंमत ऐका. ती कमान आहे ना, तिला आमच्या कानवेड्यांच्या भाषेत योक म्हणतात. योक म्हणजे जू. आबांनी न शिकता तिचं नाव बरोबर घेतलं होतं.

मी बारी पुन्हा सुरू केली. आबांचे डोळे मिटले. मला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, बंद पाठ ना! पण आबांच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळत होतं. आता निवेदकानं नाव घेतलं. आता घोडी सुटली. आता गाडा उठला. आबांच्या मुठी वळल्या.

"चंद्याचं घुंगरू," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, माझ्यासारखंच ओरडून. "त्येच्या माळंत एक चिरकं घुंगरू व्हतं. ऐकू येतंय मला. दत्तू, ऐकू येतंय!"

बारा-तेरा सेकंद. मग त्यांनी एक बोट वर केलं. परत लाव.

अकरा वेळा लावली. मी गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला बसून बैलांच्या पुरणपोळ्या खात होतो आणि रडत होतो. दोन्ही एकदम करू नये, ठसका लागतो.

आता प्रश्न राहिला टोकनचा. टोकन आबांच्या हातात, आणि गोठ्यात जर्सी! आबा परत करायला निघाले होते. पण सोपानमामांना राहवलं नाही. सगळं आपल्यामुळंच झालं म्हणून ते आप्पांकडं गेले. आप्पांकडं चार बैल होते, टोकन मात्र निघालं नव्हतं. आमच्याकडं दोन मालक मिळून एक गाडा पळवतात, त्याला जुगलबंदी म्हणतात. आप्पा घरी येऊन आबांना म्हणाले, "किसनआबा, टोकन तुमचं, बैलं माझी. गाडा दोघांचा. पर जुंपायला तुमीच पायजे. डावं-उजवं तुमच्याइतकं कुणाला कळत न्हाई." आणि हे म्हणताना माझ्याकडं बघितलं.

ग्रुपवर मी खरं ते लिहिलं. लिहिताना घाम फुटला, पण लिहिलं. परागचं उत्तर आलं: "दत्ताभाऊ, आबांना ग्रुपवर घ्या. तुम्ही नसलात तरी चालेल. जोडी यात्रेपर्यंत राहू द्या त्यांच्याकडं."

यात्रेचा दिवस. घाट भरलेला, भंडारा उडतोय, कर्णे झाडांना टांगलेले, सगळं तसंच. आबा गाड्यापाशी, तोच गुलाबी फेटा. चारही बैलांच्या गळ्यात आमच्या घुंगरमाळा. आबांनी एकेकाचा खांदा चाचपून, बाजू बघून स्वतः जुंपणी केली होती. मी जरा मागं उभा राहून लहानपणीसारखा घाटाकडं बघत होतो. फक्त या वेळी बसायला कुणाचा खांदा नव्हता.

कर्णा खरखरला.

"आता घाटात येतोय, लई वर्सांनी, किसनआबांचा आन् आप्पांचा जुगलबंदी गाडा!"

आबांनी माझ्याकडं वळून बघितलं. "काय म्हणला?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "तुमचं नाव घेतलं, आबा."

आबा हसले. मी त्यांना हसताना बघत होतो, त्यामुळं कर्ण्याचं पुढचं वाक्य मला जरा उशिरा कळलं.

"… आन् त्यांचे चिरंजीव, जपानी जोडीचे मालक दत्तोबा! दत्तोबा, तुमी गाड्याच्या वाटंत हायसा! आपण घाटाच्या डाव्या अंगाला व्हा! डाव्या! डावं म्हंजी… ज्या हातानं जेवत न्हाई, त्ये!"

सगळा घाट हसला. पाखरं उडाली झाडांवरची.

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. सरकायच्या आधी मी दोन्ही हात बघून घेतले.